एक जूनच्या मुली

आमच्या बेसबॉल टीमचं ऑफिस जव्हारला, एका झेरॉक्सच्या दुकानामागच्या खोलीत आहे. दोन टेबलं, एक लोखंडी कपाट, ग्लोव्हजनी भरलेली दोन पोती आणि एक प्रिंटर. त्या प्रिंटरला मी रोज शिव्या देतो आणि बाई त्याला रोज समजावतात. बाई म्हणजे आमच्या टीमच्या मॅनेजर. आश्रमशाळेत क्रीडाशिक्षिका होत्या. मुलींना पळवलं, फेकायला लावलं, रडवलं आणि नंतर जेवू घातलं, असं त्यांच्या नोकरीचं थोडक्यात वर्णन करता येईल. मी म्हणजे कागदपत्रं. निवृत्त प्राथमिक शिक्षक, जन्म मोखाडा तालुक्यातला, स्वभाव तापट. निवृत्तीनंतर घरात बसून बायकोच्या स्वयंपाकात चुका काढायला लागलो, तेव्हा तिनेच बाईंना निरोप धाडला की या माणसाला काहीतरी काम द्या.

बेसबॉलमधलं मला ओ की ठो कळत नव्हतं. पहिले पंधरा दिवस मी पिचरला बोलर म्हणत होतो. बाईंनी एकदा सगळ्यांसमोर झापलं, तेव्हापासून सुधारलो. पिचर म्हणजे मधल्या मातीच्या उंचवट्यावरून चेंडू फेकणारी, आणि तिच्या हातावर अर्धा सामना असतो, एवढं मला आता झोपेतून उठवून विचारलं तरी सांगता येतं.

मुलींची ही लीग नवीन आहे. सहा टीम, पाच शहरांतल्या आणि एक आमची, डोंगरातली. आमच्या टीमचे मालक मूळ जव्हारचे, आता ठाण्यात बांधकामाचा धंदा करतात. ते दर सोमवारी फोन करून एकच वाक्य बोलतात, "गुरुजी, मला निकाल पाहिजे." जणू मी दहावीचा बोर्ड आहे. खेळाडूंशी वर्षाचा करार होतो, त्यांना दरमहा मानधन मिळतं. करारासाठी अट अशी, की हंगामाच्या पहिल्या दिवशी मुलीला अठरा वर्षं पूर्ण पाहिजेत. हंगाम जानेवारीत सुरू होतो आणि शिमग्याच्या तोंडावर संपतो.

टीम जमली तेव्हा वर्तमानपत्रवाले आले आणि लिहून गेले की डोंगरातल्या मुलींचा हात गोफणीने तयार झालेला असतो. आमच्या पिचरने ती बातमी वाचून मला विचारलं, "गुरुजी, आमच्या घरी गोफण कुठं हाये?" नव्हतीच. तिचा हात बाईंनी तयार केला होता, सातवीपासून, रोज सकाळी, वसतिगृहाच्या मागच्या भिंतीवर कोळशाने काढलेल्या चौकोनात चेंडू मारायला लावून.

हंगामाआधी आमच्या ऑफिसला श्वास घ्यायला फुरसत नसते. जामसरला भात कापून मोकळं झालेलं एक शेत आम्ही सरावासाठी मागून घेतलं. शेताची मालकीण म्हणाली, खेळा, पण बांधाला हात लावायचा नाही. त्यामुळे आमच्या मैदानात सेकंड बेसच्या मागे चांगला गुडघाभर बांध होता, आणि मुली बांधावरून उडी मारून झेल घ्यायला शिकल्या. पुढे सपाट मैदानावर पहिल्या सामन्यात आमच्या दोघी-तिघी त्याच जागी उगाच उडी मारत होत्या. बाईंनी कपाळाला हात लावला. मी मात्र हसून घेतलं, कारण त्या आठवड्यात हसण्यासारखं दुसरं काही घडलंच नव्हतं.

झालं असं होतं, की लीगच्या ऑफिसने आमची खेळाडूंची यादी परत पाठवली होती. फोनवर एक तरुण मुलगा होता, बोलायला फार नम्र.

"सर, तुमच्या अठरा खेळाडूंपैकी अकरा जणींची जन्मतारीख एकच आहे. एक जून. फॉर्म भरताना काही कॉपी-पेस्ट झालंय का?"

"माझीपण एक जूनच आहे," मी म्हणालो.

मग मी त्याला समजावलं. पाड्यावर बाळंतपण घरात व्हायचं, तारीख कोण लिहून ठेवणार? शाळा जूनमध्ये उघडते. गुरुजी पोराला दारात उभं करतात, उजवा हात डोक्यावरून नेऊन डावा कान धरायला सांगतात. बोटं कानाला पोचली तर सहा वर्षं पूर्ण. मग सहा वर्षं मागे जाऊन एक जून लिहायचं. अशी निम्मी गावं एक जूनला जन्मलेली आहेत. हे सगळं मी एखाद्या मजेशीर गोष्टीसारखं सांगितलं आणि तोही हसला. दहा जणी वयाने विशी ओलांडलेल्या होत्या, त्यांचं महिना-दोन महिने इकडेतिकडे झालं तरी कुणाचं काही बिघडत नव्हतं. अडकली एकटी अकरावी, आमची पिचर. तिची एक जूनची तारीख धरली तर हंगामाच्या पहिल्या दिवशी तिला अठराला पाच महिने कमी पडत होते.

ती तेव्हा जव्हारला बारावीत होती. सूर्यमाळच्या पुढच्या एका पाड्यावरची मुलगी, अंगाने शिडशिडीत, माझ्यापेक्षा वीतभर उंच. तिचा चेंडू पकडताना आमच्या कॅचरला ग्लोव्हच्या आत भांडी घासायचा स्पंज कापून घालावा लागायचा. दिवाळी झाली की तिचे आईबाप पाड्यावरच्या इतरांसारखे वीटभट्टीवर जायचे. बारावीनंतर तीही त्यांच्याबरोबर जाणार, हे घरात ठरल्यासारखंच होतं. करार झाला तर ती इथे राहणार होती आणि खेळणार होती. तिला दुसरं काही नको होतं, आणि हे तिने मला तीनदा येऊन सांगितलं होतं, तिन्ही वेळा टेबलाचा कोपरा घट्ट धरून.

"ती अठराच्या वरचीच असणार," बाई म्हणाल्या. "उंची बघा की."

मलाही तसंच वाटत होतं. किंवा वाटून घ्यायचं होतं. लीगने मुदत दिली होती, तिसऱ्या सामन्यापर्यंत ती अठराची असल्याचा पक्का पुरावा आणा, नाहीतर तिला या हंगामातून वगळू. पाड्यावरच्या शाळेच्या दाखल-खारीज रजिस्टरात तिचं नाव कुणी लिहिलं होतं, हे मला कुणाला विचारायची गरज नव्हती. त्या शाळेत मी आठ वर्षं मुख्याध्यापक होतो. तारीख माझ्या हातची होती. मी बाईंना म्हणालो, "मी घातलेला घोळ आहे, मीच निस्तरतो."

पहिला सामना आम्ही हरलो. दुसरा इतका वाईट हरलो की मालकांनी सोमवारची वाटसुद्धा पाहिली नाही. आमची दुसरी पिचर जिवाच्या आकांताने फेकत होती, पण चौथ्या इनिंगनंतर तिचा खांदा बोलायला लागायचा. आमची खरी पिचर प्रेक्षकांत बसून प्रत्येक चेंडूला मूठ आवळत होती. सामना संपल्यावर ती माझ्याकडे आली आणि फक्त एवढंच म्हणाली, "कधी जाताव, गुरुजी?"

दुसऱ्या दिवशी सकाळच्या एसटीने मी मोखाड्याला गेलो आणि तिथून एका जुन्या विद्यार्थ्याच्या मोटारसायकलवर मागे बसून पाड्यावर. रस्ता झालाय आता, पण शेवटचा चढ अजून पायीच. अर्धी घरं बंद होती, माणसं भट्ट्यांवर गेलेली. सुईण मात्र होती. तिनेच त्या पाड्यावरची निम्मी पोरं आपल्या हातांवर घेतली होती. डोळ्यांनी अधू झाली होती, पण माझा आवाज तिने ओळखला.

"गुरुजी काय? बसा. पाणी कमीच हाये, च्याय देते."

मी पिचरच्या जन्माचं विचारलं. ती हसली. "आता माला तारीख-बिरीख काय ठावं? पण शिमगा होता. होळी पेटवाया सगळी गेली, आन मी एकटी तिच्या आईपाशी. बाहेर ढोल, आत ही रडं."

"कुठला शिमगा? किती वर्षं झाली?"

तिने बोटं मोजली, पुन्हा मोजली, सोडून दिलं. "बोअर लागली नं, हातपंपाची? त्याच उन्हाळ्याच्या तोंडचा शिमगा. बाळ महिन्या-दीड महिन्याचं होतं तवा पंपाला पयलं पाणी आलं. तिच्या आईनं त्यात तिला न्हाऊ घातलं."

मी चहा तसाच ठेवून उठलो. हातपंप पाड्याच्या खालच्या अंगाला आहे. आता त्याला फेब्रुवारीपर्यंतच पाणी असतं. त्याच्या ओट्यावर सिमेंट ओलं असताना कुणीतरी काडीने वर्ष कोरलंय. माती पायाने बाजूला केली, वर्ष वाचलं, मनात वजाबाकी केली. चुकली असेल म्हणून पुन्हा केली. गणित मी शिकवलेलं आहे, चुकत नव्हतं. ती अठराची नव्हती. मी लिहिलं होतं तेवढीही नव्हती. त्यापेक्षाही नऊ महिन्यांनी लहान निघत होती.

सुईण म्हणाली होती की बाळाला टोचायला नर्सबाई आल्या आणि त्यांनी वहीत लिहिलं. त्या नर्सबाई निवृत्त होऊन पोशेऱ्याला राहतात. दुसऱ्या दिवशी त्यांना घेऊन उपकेंद्रात गेलो. आताच्या नर्सने खालच्या कप्प्यातून लसीकरणाची जुनी रजिस्टरं काढून दिली, वाळवी झटकून. तिसऱ्यात सापडली. आईचं नाव, पाडा, मुलगी, जन्म शिमग्याच्या दिवशीचा, तारखेसकट. निळी शाई थोडी फाकली होती, पण आकडे स्वच्छ होते. नर्सबाईंना केवढा आनंद झाला. "बघा गुरुजी, मी सगळं लिहून ठेवायची," त्या म्हणाल्या. मी त्यांचे आभार मानले. रागही आला, त्यांचा नव्हे, माझा.

परतीच्या एसटीत माझ्या डोळ्यांसमोर तो जून महिना उभा राहिला. आता सांगतो, कारण लीगच्या त्या मुलाला मी ही गोष्ट मजेशीर करून सांगितली तेव्हा एक भाग गाळला होता. त्या वर्षी आमच्या शाळेचा पट एका मुलाने कमी पडत होता. पट भरला नाही तर दुसऱ्या शिक्षकाचं पद जाणार होतं आणि चार वर्ग माझ्या एकट्याच्या गळ्यात पडणार होते. ही मुलगी मोठ्या बहिणीच्या मागे रोज यायची आणि दारात बसायची. मी तिला उभं केलं, कान धरायला सांगितलं. तिने हात डोक्यावरून नेला आणि कान आरामात पकडला. पकडणारच. तिचे हात तेव्हाही असेच लांब होते, ज्या लांबीमुळे आज तिचा चेंडू कुणाला दिसत नाही. पण तिच्या तोंडात सगळे दुधाचे दात होते. एकही पडलेला नव्हता. ते मला दिसले होते. तरी मी लिहिलं.

जव्हारला उतरून सरळ ऑफिसात गेलो. रजिस्टरच्या पानाची नक्कल बाईंपुढे ठेवली आणि सगळं सांगितलं. बाईंनी दोनदा वाचली.

"म्हणजे पुढच्या हंगामालाही बसत नाही," त्या म्हणाल्या. "दोन महिन्यांनी चुकते."

"हो."

"तुमची एक जूनची तारीख राहिली तर पुढच्या वर्षी खेळेल."

"हो."

"गुरुजी, हा कागद आपल्याकडे कुणी मागितलेला नाही."

खोटं कशाला बोलू, तोच विचार मी एसटीत मोखाड्यापासून जव्हारपर्यंत करत आलो होतो. नक्कल माझ्या शर्टाच्या खिशात होती आणि ती तिथेच राहिली असती तर जगात कुणालाच पत्ता लागला नसता. पण बाईंनी स्वतःच मान हलवली. "नाही. आपण नाही ठरवायचं. खेळणार ती आहे, तिला बोलवा."

ती सरावाच्या कपड्यांत आली, गुडघ्याला माती. मी कागद तिच्या हातात दिला आणि दोन्ही बाजू सांगितल्या. हा दिला तर हा हंगाम गेला आणि पुढचाही. नाही दिला तर पुढच्या वर्षी करार. मी असंही म्हणालो की मी हा फाडू शकतो. म्हणालो खरा, आणि त्याची लाज अजून वाटते.

तिने कागद धरून ठेवला. टेबलाचा कोपरा या वेळी धरला नाही. डोळ्यांत पाणी आलं, ते तिने मातीच्या मनगटाने पुसलं, त्यामुळे गालावर चिखल झाला.

"फाडला तर मी पुढल्या साली खेळेन," ती म्हणाली. "आन कुणी ही वही काढली तर? नर्सबाई समद्यांना सांगत असतील, गुरुजी आलते म्हणून. मग माझ्यापायी जितलेल्या मॅचपण जातील. बाकी दहा जणींच्या तारखापण उकरतील. म्हणतील, जव्हारवाल्या समद्या खोट्या."

"तुझं काय पण? दोन वर्षं?"

"दोन वर्षं तर दोन वर्षं. मी कुठं पळून जाते?" मग बाईंकडे वळून, "बाई, माझा कॉलेजचा फॉर्म भराल का? वसतिगृहाचापण. घरी मी सांगेन. आन सरावात मला रोज फेकू द्याल का, आपल्याच बॅटिंगवाल्यांना?"

बाई म्हणाल्या, "रोज." लगेच वहीत कॉलेजच्या फॉर्मचं टिपून ठेवलं.

एवढं ठरल्यावर मी कामाला लागलो. लीगला नुसती नक्कल पाठवून भागणार नव्हतं. शाळेतली तारीख चुकीची का, हे ती लिहिणाऱ्याने प्रतिज्ञापत्रावर सांगायला हवं होतं. उद्या तहसील कचेरीत जाऊन ते करायचं, म्हणून मी आजच मसुदा लिहायला बसलो. सदर विद्यार्थिनीस प्रवेश देतेवेळी जन्माचा कोणताही पुरावा उपलब्ध नसल्याने मी तिचे वय अंदाजे सहा वर्षे धरून जन्मतारीख नोंदवली. चांगलं सरकारी वाक्य होतं. कुणाच्या अंगाला काही चिकटत नव्हतं.

ती सरावाला परत जायला निघाली होती. दारात थांबली, परत आली आणि माझ्या खांद्यावरून वाचायला लागली. मग एका शब्दावर बोट ठेवलं.

"अंदाजे नका लिवू, गुरुजी."

"मग काय लिहू?"

"तुमाला ठावं होतं."

मी मान वर केली नाही. दातांची गोष्ट मी बाईंना सांगितली होती, तिला नव्हती.

"माला आठवतं," ती म्हणाली. आवाजात राग नव्हता, समोरची बॅटर कुठल्या चेंडूला चुकते ते सांगावं तसं सरळ सांगत होती. "तुमी माला दाराच्या आड नेलंत. गुळाचा खडा दिलात. म्हणालात, साहेब येतील, वय विचारतील, तर सहा म्हण. मी पाच म्हणले, तर तुमी पुन्ना म्हणाया लावलंत. सहा. सहा. सहा. शाळंत मी समद्यात पयले तेच शिकले."

बाहेर झेरॉक्सचं मशीन चालू होतं. हे मी विसरलो होतो, असं म्हणता आलं असतं तर बरं झालं असतं. विसरलो नव्हतो. तीसुद्धा विसरली असेल असं धरून चाललो होतो.

मी ते वाक्य खोडलं. खाली लिहिलं, मुलगी सहा वर्षांची नाही हे मला माहीत होते. शाळेचा पट भरण्यासाठी मी खोटी तारीख लिहिली आणि तिला खोटे वय सांगायला शिकवले. मग कागद तिच्या हातात दिला.

तिने एकेका शब्दाखाली बोट फिरवत सावकाश वाचलं.

"आता बरोबर," ती म्हणाली, आणि सराव बुडत होता म्हणून पळाली.